पदकाचा उडालेला मीना भट्टीत घालून दुरुस्त होत नाही

‘पणजोबांच्या पदकाचा मीना उडालाय? सोनाराकडे न्या, भट्टीत घालून नवा भरून देईल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कृपया ऐकू नका.

मीना म्हणजे रंग नव्हे, धातूवर वितळवून बसवलेली काच. त्यासाठी साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. १८३७ साली सुरू झालेलं ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ हे ब्रिटिश काळातल्या हिंदी सैनिकांचं शौर्यपदकच बघा: चांदीचा आठ टोकांचा तारा, मधे गडद निळ्या मीन्याचं वर्तुळ, त्यात एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी. तो पुन्हा तापवला तर झाळलेले सांधे सुटू शकतात, उरलेल्या काचेला नव्या चिरा जाऊ शकतात.

पदक चकचकीत करायला चिंच, लिंबू, टूथपेस्टही नको. आंबट पाणी चिरेतून आत शिरतं आणि सुटत आलेला टवका निघून येतो. ध्वनिलहरींच्या कंपनांनी दागिने धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन तर त्याहून वाईट.

संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणारे तज्ज्ञ, भिंगाखाली बघत सैल कडेशी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक, डिंकासारख्या रेझिनचा पातळ थेंब सोडतात. खड्डा भरायचाच झाला तर रंग मिसळलेलं रेझिन वापरतात. पॅरालॉइड पुढे अ‍ॅसिटोनने काढता येतं. पुष्कळदा खड्डा तसाच ठेवतात, आणि मला तेच पटतं. निखळलेला तुकडा मात्र फेकू नका, डबीत जपून ठेवा.