पाळण्यातलं मरण आणि आईवरचा ठपका

सोलापुरात तान्हं पोर झोपेतच गेलं की घरात ठरलेली कारणं ऐकू येतात. दूध घशात अडकलं, नजर लागली, नाहीतर रात्री आईच्या अंगाखाली आलं. शिवाय पाचवीच्या रात्री सटवाईने लिहिलेलं असतंच. अंगाखाली आल्याचा ठपका फार जुना. बायबलातल्या शलमोन राजाच्या न्यायकथेतही तो आहे. बाळंतिणीची बाजू मांडणार कोण?

शवविच्छेदनातही कारण सापडत नाही अशा मृत्यूंची वैद्यकीय व्याख्या ठरली १९६९ साली, अमेरिकेतल्या सिएटलच्या परिषदेत. पण एकाच घरात दोन बाळं गेली तर? ब्रिटनमध्ये सॅली क्लार्क या आईला १९९९ साली जन्मठेप झाली. असं दोनदा घडण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं एका बालरोगतज्ज्ञाने कोर्टात सांगितलं होतं. एका मृत्यूच्या शक्यतेचा सरळ वर्ग केलेला! सख्ख्या भावंडांचं रक्त एक, हे त्या गुणाकारात नव्हतंच. २००३ साली ती सुटली.

जनुकांचा धागा सापडला तो हृदयात. एका ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा वेळ ईसीजीवर दिसतो, त्याला क्यूटी अंतर म्हणतात. ते लांबलं की ठोके एकदम बेताल होऊ शकतात. झोपेतल्या अशा मृत्यूंमागे हेच असावं, ही शंका पीटर श्वार्ट्झ या इटालियन हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ साली मांडली आणि पुढे ३३ हजारांवर नवजात बाळांचे ईसीजी तपासले. १९९८ साली निष्कर्ष छापून आले: अशा रीतीने गेलेल्या २४ बाळांपैकी १२ जणांचं क्यूटी लांबलेलं होतं. नॉर्वेत २०१ मृत बाळांची जनुकं पाहिली, तेव्हा साधारण दहातल्या एकात असा दोष निघाला. म्हणजे जनुकं सगळ्याचं उत्तर नाहीत. बाळाला पालथं झोपवणं आणि घरातला विडी-सिगारेटचा धूर यांचा धोका आहेच.

तरी एका आईला जनुकानेच सोडवलं. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग चार मुलांच्या मृत्यूबद्दल वीस वर्षं तुरुंगात होती. तिच्यात आणि तिच्या दोन्ही मुलींत हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित जनुकात बदल सापडला. २०२३ साली शिक्षा रद्द झाली.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक अजून होते, काही तेलुगू-कन्नड घरांत मामा-भाचीचीही. १९५७ साली नॉर्वेत वर्णन झालेल्या एका आजारात बाळ जन्मतः बहिरं असतं आणि क्यूटीही लांबलेलं. दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. म्हणून जन्मतः बहिऱ्या बाळाच्या कानाचा इलाज सुरू करण्याआधी एक ईसीजी काढून घ्यावा.