पोर्ट सिक्युरिटी की ८०२.१एक्स? स्विचच्या पोर्टवर नेमकं काय लावायचं

टेंडरमध्ये 'पोर्ट सिक्युरिटी हवी' असं लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला हवं असतं ८०२.१एक्स. दोन्ही ॲक्सेस पोर्टवरच (पीसी, फोन, प्रिंटर जोडायच्या पोर्टवर) लागतात आणि दोन्ही अनोळखी मशिन अडवतात, म्हणून ही गल्लत होते. पोर्ट सिक्युरिटी फक्त मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, बघते आणि मोजते. ८०२.१एक्स समोरच्याकडे पासवर्ड किंवा सर्टिफिकेट मागतं.

सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचवर पोर्ट सिक्युरिटीची डिफॉल्ट मर्यादा एका मॅकची असते. दुसरा दिसला की पोर्ट एरर-डिसेबल्ड, म्हणजे बंद. आयपी फोनमागे पीसी असेल तर मर्यादा किमान २ हवी. फोनचा मॅक डेटा आणि व्हॉइस अशा दोन्ही व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) दिसू शकतो, म्हणून ३ ठेवणं बरं. हमखास होणारी चूक अशी: मॅक्सिमम (मॅकची मर्यादा), व्हायोलेशन (ती मोडल्यावर काय करायचं), स्टिकी (दिसलेले मॅक आपोआप लिहून घेणं) या सगळ्या ओळी टाकल्या जातात आणि नुसती 'स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी' ही ओळ राहून जाते. मग कॉन्फिग भरलेलं दिसतं, पण पोर्टवर संरक्षण शून्य. स्टिकीने शिकलेले मॅक रनिंग कॉन्फिगमध्येच असतात. सेव्ह केले नाहीत तर स्विच रीस्टार्ट होताच जातात. आणि कुणी आपला पीसी उचलून त्याच व्हीलॅनमधल्या दुसऱ्या सुरक्षित पोर्टवर लावला, तर मॅक जुन्या पोर्टला चिकटलेला असल्याने नवा पोर्ट बंद पडतो.

खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर मॅक छापलेला असतो. तो लॅपटॉपला देऊन लॅपटॉप प्रिंटरच्याच पोर्टवर लावला की पोर्ट सिक्युरिटी त्याला आत घेते.

८०२.१एक्समध्ये लिंक आली तरी ओळख पटेपर्यंत पोर्ट साधा डेटा पुढे जाऊ देत नाही. लॅपटॉप ईएपीओएल या प्रोटोकॉलवर स्विचशी बोलतो, स्विच ते रेडियस सर्व्हरला (ओळख तपासणाऱ्या सर्व्हरला) यूडीपी पोर्ट १८१२ वर पोचवतो. होकारासोबत व्हीलॅनही येऊ शकतो, त्यामुळे अकाउंट्सचा माणूस कुठल्याही टेबलावर बसला तरी आपल्याच व्हीलॅनमध्ये जातो. इथे एक गोष्ट फार छळते: सर्व्हरने पाठवलेला व्हीलॅन त्या स्विचवर तयारच केलेला नसतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये 'ॲक्सेप्ट' आणि पोर्ट मात्र अडलेला. विंडोजवर ८०२.१एक्स बोलणारी 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' सर्व्हिस डिफॉल्टने मॅन्युअल असते, ती ग्रुप पॉलिसीतून ऑटोमॅटिक करावी लागते. मशिनचं घड्याळ चुकलेलं असेल तर ईएपी-टीएलएसमध्ये, म्हणजे सर्टिफिकेटवरून ओळख पटवताना, चांगलं सर्टिफिकेटही नाकारलं जातं.

प्रिंटर आणि कॅमेऱ्यांपैकी अनेकांना ८०२.१एक्स बोलता येत नाही. त्यांच्यासाठी मॅब असतं, म्हणजे मॅकवरून रेडियसला विचारणं. डिफॉल्टला स्विच आधी ३०-३० सेकंदांनी तीनदा विचारतो, म्हणजे ९० सेकंद जातात. तोवर प्रिंटरने डीएचसीपीचा (आपोआप आयपी ॲड्रेस मिळवण्याचा) नाद सोडून १६९.२५४ ने सुरू होणारा, नेटवर्कवर निरुपयोगी ॲड्रेस स्वतःच घेतलेला असतो. टीएक्स-पीरियड (दोन विचारण्यांमधलं अंतर) १० सेकंद केला की थांबणं ३० सेकंदांवर येतं. पण मॅब म्हणजे पुन्हा मॅकवरच विश्वास. म्हणून अशी उपकरणं वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवून एसीएलने (कुणाला कुठे जाता येईल या नियमांच्या यादीने) फक्त गरजेचे सर्व्हर उघडा.

मग पोर्ट सिक्युरिटी निकामी का? मुळीच नाही. खोटे मॅक ओतून स्विचचा मॅक टेबल (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे याची यादी) भरून टाकण्याचा हल्ला ती चोख थोपवते, आणि रेडियस नसलेल्या छोट्या शाखेत तीच वापरावी. दोन्ही एकाच पोर्टवर लावू नका. सिस्कोही ते टाळायला सांगते.

८०२.१एक्स आणताना रेडियस सर्व्हर दोन ठेवा आणि दोन्ही पडले तर वापरायचा क्रिटिकल व्हीलॅन आधीच ठरवा. सुरुवात 'ऑथेंटिकेशन ओपन'ने करा: तपासणी होते, अडवणूक होत नाही. 'शो ऑथेंटिकेशन सेशन्स'मध्ये कोण नापास होतंय ते पाहून दुरुस्त करा आणि मग एकेका मजल्यावरून ती ओळ काढा.