शस्त्र परवान्याचा वाद: १८७८ ते २०१९

बंदुकीच्या कायद्यावर चर्चा निघाली की अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो. आपल्याकडे तो लागू पडत नाही. तिथे शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे. इथे ती सरकारची परवानगी आहे. ती कोणाला द्यायची आणि कोणी द्यायची, यावरच आपला सगळा वाद आहे.

१८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरण सुरू झाले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजेच शस्त्र कायदा, आला. भारतीयांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. त्याच वर्षीचा देशी वृत्तपत्र कायदा पुढचा व्हाइसरॉय रिपन याने लवकरच मागे घेतला, शस्त्र कायदा मात्र राहिला. म्हणून १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस त्याविरुद्ध ठराव करत होती. गांधीजींनी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचीही मागणी होती आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून मान्य केला होता.

स्वराज्य आल्यावर मात्र हा हक्क घटनेत आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी कराची ठरावाचा आधार घेऊन संविधान सभेत दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला: मूलभूत हक्क म्हटला की तो गुन्हेगारही मागेल. हा आक्षेप आजही तितकाच वजनदार आहे.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातले कलम १३ नीट वाचायला हवे, कारण ते दोन प्रकारच्या अर्जदारांत फरक करते. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, किंवा शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना ‘द्यावा’ अशी भाषा आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा रायफल हवी असेल तर ‘सबळ कारण’ दाखवावे लागते आणि ते सबळ आहे की नाही हे अधिकारी ठरवतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील करता येते. पोलिसांच्या अहवालात नुसते ‘धोका दिसत नाही’ एवढेच आले की अर्ज तिथेच अडकतो. त्यामुळे धमकीची तक्रार किंवा मोठ्या रोख व्यवहाराचे पुरावे अर्जासोबतच जोडावेत.

लष्करी बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) हत्यारे ‘निषिद्ध’ वर्गात मोडतात. पॉइंट ३०३ आणि ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून नागरी बाजारात इशापूरच्या सरकारी कारखान्यातली पॉइंट ३१५ रायफल आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यातले पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर दिसते.

पुढच्या दुरुस्त्या बहुतेक शिक्षा वाढवणाऱ्या होत्या. १९८३ मध्ये माणशी तीन हत्यारांची मर्यादा आली. १९८८ मध्ये निषिद्ध हत्याराच्या वापराने मृत्यू झाल्यास सक्तीची फाशी आली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०१९ च्या विधेयकात मुळात माणशी एकच हत्यार होते. खासदारांच्या आक्षेपांनंतर ते दोनवर गेले. वारसाने आलेले हत्यारही याच दोनांत धरले जाते. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वरातीच्या गोळीबाराला आळा घालणे गरजेचेच होते. पण बंदुकीने होणारे बहुतांश खून बिनपरवाना हत्याराने, म्हणजे गावठी कट्ट्याने होतात. तीनाचे दोन केल्याने कट्टा बनवणाऱ्याच्या भट्टीवर काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो ज्याची नोंद आधीच पोलीस ठाण्यात आहे त्याला.

कोकणात आणि गोव्यात हे निवडणुकीच्या वेळी जाणवते. आचारसंहिता लागली की शेतीसंरक्षणाच्या बंदुका जमा करायला सांगतात आणि रानडुकरांना, माकडांना शिवार मोकळे मिळते. सरसकट जमा करून घेण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला मान्य नाही. कोणाची बंदूक जमा करायची हे ठरवण्यासाठी असलेल्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करायचा असतो. गुन्ह्याची नोंद नसलेल्या शेतकऱ्याने या समितीकडे लेखी अर्ज करावा. तरीही बंदूक द्यावी लागलीच, तर हत्याराचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये.