आप्पा, जमालपूर आणि आखाजी

येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी आप्पांच्या, आमच्या आजोबांच्या, नावाने पितरांची पहिली घागर भरली जाईल. पौषात ते गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण ७१ च्या बांगलादेशच्या लढाईचं विचारतो आणि आम्हाला ती धड सांगता येत नाही, कारण त्यांनी ती कधी रंगवून सांगितलीच नाही. म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

सैनिकांची गावं म्हटली की सातारा-कोल्हापूर आठवतं. साताऱ्याकडच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी. खानदेशाची ओळख कापूस, केळी आणि भुसावळ जंक्शनची. तरी पलटणीशी आमचं नातं जुनं आहे. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली. ज्यांच्याशी कंपनी सरकार लढत होतं, त्यांच्याच हाती सरकारी बंदूक आली. आप्पांच्या भरतीचं कारण साधं होतं. कोरडवाहू जमीन आणि खाणारी तोंडं जास्त. भुसावळला गाडी धरली आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात रंगरूट झाले.

त्यांची पलटण पहिली मराठा, म्हणजे १७६८ पासूनची ‘जंगी पलटण’. डिसेंबर १९७१ मध्ये ९५ माउंटन ब्रिगेडमधून ती मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, उतरली. वाटेतलं कमालपूरचं ठाणं ४ तारखेला शरण आलं. पुढे ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठी जमालपूर, तिथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण. नदी ओलांडून मराठ्यांनी शहराच्या मागची ढाक्याकडची वाट अडवली. आपले ब्रिगेड कमांडर, ब्रिगेडियर क्लेर यांनी ‘शरण या’ असं पत्र धाडलं, तर बलुचांचे कर्नल सुलतान अहमद यांनी जबाबाच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून दिली. १० तारखेच्या रात्री बलुच वाट फोडायला निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. ११ ला सकाळी जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलला छत्रीने उतरलेली आपली २ पॅरा पलटण, तीही मुळची मराठाच. १६ तारखेला ढाका.

आप्पा यातलं एवढंच सांगायचे : “रात लांब होती.” ते खुलायचे ते ९९ एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर उशिरा पोहोचलेल्या आंतरदेशीय पत्रावर. थोरली आत्या जन्मल्याची ती खबर होती. ढाका पडल्यावर चार दिवसांनी ते पत्र हाती आलं. ते वाचताना कुठे बसले होते, कुणी गूळ वाटला, सगळं त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं.

लढाई संपली आणि घरी दुष्काळ आला. १९७२-७३ चा. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आमची आजीही खडी फोडत होती. आप्पांची मनीऑर्डर दर महिन्याला यायची, पण ती अख्ख्या खटल्याला पुरायची नाही. मनीऑर्डरच्या कुपनावर निरोपाला दोन ओळींची जागा असायची. त्यात ते लिहायचे, “बाजरी घेणे. पोरीचे दूध बंद करू नये.” आजीला वाचता येत नव्हतं, तरी तिने ती सगळी कुपनं पत्र्याच्या पेटीत ठेवली. खडीचं मात्र तिने त्यांना कित्येक वर्षं कळू दिलं नाही. कळलं तेव्हा ते तिच्याशी नाही, स्वतःशीच दोन दिवस अबोल राहिले. माझ्या लेखी आमच्या घरची खरी लढाई हीच.

पुढे हवालदार म्हणून पेन्शन, मग डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी, पोरांची शिक्षणं. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही ७१ ची पदकं त्याच पेटीत, कुपनांच्या खाली. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा तिची वेणी तेच घालायचे. पलटणीत दोर वळायला शिकलेला हात, वेणी घट्ट बसायची.

आखाजीला लेकींना माहेरी आणणारा मुऱ्हाळी दरसाल तेच. तिन्ही लेकींना एसटीने स्वतः जाऊन आणायचे, पिशवीत सांजोऱ्या घेऊन. ऐंशी उलटल्यावरही कुणाला ते काम दिलं नाही. यंदा आत्या म्हणते, “मी येईन माझी माझी.” पण तिला आणायला मी जाणार आहे.