बरं वाटतंय, मग गोळी कशाला? ल्युपसच्या दीर्घ उपचारांची पार्श्वभूमी

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच कातडीवर, सांध्यांवर, किडनीवर उलटते तो आजार. त्याच्या रुग्णाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. सांधे दुखत नाहीत, चट्टे गेले, लघवीचा रिपोर्टही चांगला आला; मग हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी अजून किती वर्षं? डॉक्टर म्हणतात, चालूच ठेवा. हे उत्तर कुठून आलं ते पाहायचं तर मलेरियापर्यंत मागे जावं लागतं.

ल्युपस हा बराच काळ कातडीचाच रोग मानला जाई. तो शरीराच्या आतही पसरतो, हे १८७२ मध्ये व्हिएन्नात मोरित्झ कापोसी यांनी मांडलं. १८९४ मध्ये लंडनमध्ये जोसेफ पेन यांनी या रुग्णांना क्विनाइन हे मलेरियाचं जुनं औषध देऊन पाहिलं आणि फरक पडल्याचं नोंदवलं. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटते ही कल्पनाच तेव्हा नव्हती, त्यामुळे गुण का येतो हे सांगणार कोण? दुसऱ्या महायुद्धात मेपाक्रिन हे मलेरियाचं औषध सैनिकांना सर्रास दिलं गेलं (त्याने कातडी पिवळी पडे). मग १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज यांनी ल्युपसच्या १८ रुग्णांवरचा त्याचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही त्याच घराण्यातली सौम्य गोळी. अमेरिकेत तिला १९५५ मध्ये मान्यता मिळाली.

पण तोवर सगळ्यांचे डोळे दुसरीकडे लागले होते. १९४८ मध्ये, एकाच वर्षी आणि अमेरिकेतल्या एकाच मेयो क्लिनिकमध्ये, दोन गोष्टी घडल्या. माल्कम हारग्रेव्ह्ज यांना अस्थिमज्जेच्या नमुन्यात एक पेशी दिसली, दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली. ल्युपसची ओळख पटवणारी ‘एलई सेल’ ती हीच. आणि फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. ल्युपसमध्ये स्टेरॉइडने जे केलं ते खरोखर थक्क करणारं होतं. १९५५ च्या एका अमेरिकी अभ्यासात निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात होते. आज नीट उपचार मिळाले तर दहा वर्षांनीही दहापैकी नऊच्या आसपास असतात. हे श्रेय एकट्या स्टेरॉइडचं नाही. डायलिसिस, अँटिबायोटिक्स आणि लवकर होणारं निदान यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

स्टेरॉइडची किंमत मात्र उशिरा कळली. १९७६ मध्ये टोरोंटोच्या मरे उरोविट्झ यांनी दाखवलं, की ल्युपसमधले मृत्यू दोन टप्प्यांत होतात. सुरुवातीचे रोगाच्या भडक्याने आणि जंतुसंसर्गाने. काही वर्षांनंतरचे हृदयविकाराने, तेही रोग शांत असताना, वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांत. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं वळण इथे आहे. रुग्ण वाचला, आता पुढची तीस-चाळीस वर्षं कशी काढायची, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा नीट पुढे आला. किडनी वाचवण्यासाठी सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारयंत्रणा दाबणारं जहाल औषध होतं, पण त्याने अंडाशय निकामी होण्याची भीती, आणि ल्युपसचे बहुतेक रुग्ण तर तरुण बायका. म्हणून २००२ मध्ये युरोपात त्याचा कमी डोस तपासला गेला, आणि तो पुरेसा ठरला. मायकोफेनोलेट हे दुसरं औषधही याच गरजेतून रुळलं. स्टेरॉइडची रोजची मात्रा तर उतरतच गेली. २०२३ च्या युरोपीय शिफारशीत ती पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवा, जमलं तर बंदच करा, असं आहे.

आता गोळीकडे. १९९१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर स्थिरावलेले ४७ रुग्ण घेतले. २५ जणांची गोळी चालू ठेवली, २२ जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. चोवीस आठवड्यांत खोट्या गोळीवरच्या १६ जणांचा आजार उसळला. खऱ्या गोळीवरच्या नऊ जणांचा. अभ्यास छोटा, पण डॉक्टरांचं ते ‘चालूच ठेवा’ मुख्यतः यावर उभं आहे. डोळ्याच्या पडद्याला धोका असतो, म्हणून वजनाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत रोजचा डोस आणि ठरावीक काळाने डोळ्यांची तपासणी.

२०११ मध्ये बेलिमुमॅब हे नवं औषध आलं, २०२१ मध्ये अॅनिफ्रोलुमॅब. दोन्ही बहुधा या जुन्या गोळीच्या जोडीनेच दिली जातात. अपवाद जर्मनीतल्या एर्लांगेनचा: २०२२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांच्या स्वतःच्या टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या पेशी) बदलून त्यांना परत दिल्याचं प्रसिद्ध केलं. पाचही जणांची सगळी औषधं थांबली, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसुद्धा. अहवाल लिहिला तेव्हा त्यांच्यावर साधारण आठ महिने लक्ष ठेवून झालं होतं.