लेखनातला फरक की आडनावच दुसरं?

सोलापुरात घराण्याचे जुने कागद शोधणाऱ्याला एक पेच हमखास पडतो. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर एक आडनाव, पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत दुसरंच. माणूस तोच की वेगळा? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे एकाच आडनावाचं निरनिराळं लेखन, आणि दुसरी म्हणजे घराण्यानं खरोखरच बदललेलं आडनाव.

लेखनातला फरक आपल्याकडे जरा जास्तच आढळतो, कारण सांगणारा तेलुगू किंवा कन्नड बोलणारा, लिहून घेणारा मराठी आणि वरचं दप्तर इंग्रजी. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली समाजातलं 'येमूल' हे आडनाव घ्या. तेलुगूत शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' कानाला 'ये' असा लागतो. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं, की येमूल, यमुल, एमुल ही सगळी एकाच घराची रूपं ठरू शकतात.

मोडी कागदात आणखी गुंता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, शब्द सलग लिहीत आणि अनुस्वार पुष्कळदा गाळत. म्हणून मोडी वाचणाऱ्यानं काढून दिलेलं लिप्यंतर हा त्याचा अंदाज असतो, हे धरूनच चालावं. शंका आली तर मूळ पानच पुन्हा पाहावं.

इंग्रजी नोंदीत धोका उलटा असतो. रोमन लिपीत ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल यांना एकच अक्षर. काळे आणि काले, मोटे आणि मोते तिथे हुबेहूब सारखे दिसतात. स्पेलिंग जुळलं म्हणून भाऊबंद सापडले असं समजू नये. माझ्या मते वंशावळीतल्या सर्वांत वाईट चुका इथेच होतात, कारण जुळलेल्या नावावर कोणी शंका घेत नाही.

बदललेल्या आडनावाची गोष्ट निराळी. तिथे उच्चाराचा मेळ शोधण्यात अर्थ नाही. गायकवाडांकडे पाटीलकी आली की पुढची पिढी 'पाटील' लावते. मंगळवेढ्याहून शहरात आलेल्या घराला लोक 'मंगळवेढेकर' म्हणू लागतात आणि शाळेत तेच नोंदवलं जातं. सख्ख्या भावांपैकी गावी राहिलेला जुनं आडनाव लावतो आणि गिरणीत कामाला आलेला नवं, असंही होतं.

तेलुगू घरांत या दोन्हींच्या मधला एक प्रकार दिसतो. त्यांच्यात घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर येतं. मराठी सवयीनं शेवटचा शब्द आडनाव म्हणून लिहिला गेला, तर आजोबांचं स्वतःचं नावच नातवाचं आडनाव होऊन बसतं. स्पेलिंग एकदम बरोबर असतं, फक्त रकाना चुकलेला असतो.

मग ओळखायचं कसं? आडनाव बाजूला ठेवा. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात पुष्कळदा आडनाव नसतंच. 'सखाराम वल्द भिवा' एवढंच असतं. वल्द किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. बाप, आजा, गाव आणि नोंदीचं साल ही साखळी जुळली आणि आडनावाचा उच्चारही जवळचा असला, तर तो लेखनातला फरक. साखळी जुळते पण आडनावाचा काहीच मेळ नाही, तर आडनाव बदललं असण्याची शक्यता धरून जमिनीच्या कागदाकडे वळावं. वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, मयत खातेदार आणि त्याचे वारस एकाच नोंदीत येतात. 'मयत सखाराम भिवा गायकवाड, वारस मुलगा नामदेव सखाराम पाटील' अशी एक ओळ मिळाली, की दोन्ही आडनावांचा दुवा हाती आला.

कचेरीतही हा फरक लक्षात ठेवावा. एका अक्षराची तफावत असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र सहसा मागतात. बदललेल्या आडनावासाठी नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये, सोबत तो फेरफार जोडावा. हयात माणसानं स्वतः नाव बदललं असेल, तर राजपत्रातली (गॅझेटमधली) जाहिरात जोडावी. पणजोबांच्या बाबतीत ती मिळणार नाही, म्हणून तलाठ्याकडचे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातले जुने फेरफार आधी काढून घ्यावेत.