चवथ लवकर आली, कवंडळे हिरवीच

2025 ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 27 ऑगस्टला होती. आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान आणायला गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात गेले, तर कवंडळांच्या, म्हणजे एका रानवेलीच्या फळांच्या, ढिगात लाल फळ शोधावे लागले. बहुतेक हिरवीच, एखाद्याच्या पोटाला केशरी झाक. विकणारीला म्हटले तर ती हसून म्हणाली, "चवथ बेगीन आयली गे बाय, रान कितें करतलें?" म्हणजे चवथ लवकर आली, रान तरी काय करणार?

तिच्या या एका वाक्यात अख्खे पंचांग आणि वनस्पतिशास्त्र आले. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांचे, म्हणजे सूर्याच्या वर्षाहून साधारण 11 दिवस कमी. 2023 साली अधिक श्रावण होता, म्हणून चतुर्थी 19 सप्टेंबरपर्यंत लांबली. पुढच्या वर्षी ती 7 सप्टेंबरला आली आणि त्याच्या पुढच्या वर्षी 27 ऑगस्टला. दोन वर्षांत 23 दिवसांचा फरक! वेलीला तिथी कळत नाही. ती पावसावर, उन्हावर आणि दिवसाच्या लांबीवर चालते. त्यामुळे 2023 च्या माटोळीत लालभडक दिसलेले कवंडळ 2025 साली त्याच रानातून हिरवे आले.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे कातरे (घोस), केळीचे घड, तवशी (काकड्या), तोरिंगे (पपनस), आंब्याचे टाळे (डहाळ्या) आणि रानातली फळेफुले बांधतात. ती माटोळी. कोकणात हिलाच माटवी म्हणतात.

थंड देशांत या सुमारास पाने रंगू लागतात. दिवस आखडला की पानातले हरितद्रव्य मोडते, मग खालचा पिवळा रंग उघडा पडतो आणि काही झाडे त्यावर लालही चढवतात. आमच्याकडे पानगळ येते ती माघ-फाल्गुनात, जमिनीतला ओलावा संपू लागल्यावर. भाद्रपदात डोंगर हिरवागार असतो. त्या हिरव्यात रंग असतो तो वेलींवरच्या फळांना, आणि तोही आपल्यासाठी नव्हे. पक्ष्यांना लाल रंग उत्तम दिसतो. पिकलेले कवंडळ म्हणजे हिरव्या भिंतीवर लावलेली पाटी. फळ फोडले तर आत काळपट हिरवा, चिकट गर आणि त्यात बिया. चव मात्र घेऊ नये. दुधी-काकडीच्या या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाची जहाल कडू द्रव्ये असतात. कडू निघालेली काकडी फेकून देतो, तीही यांच्यामुळेच.

माटोळीत फुलांपेक्षा फळे जास्त का, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर टिकाऊपणात आहे. पाकळी पातळ असते, तिच्यातले पाणी चटकन उडते. फळाची साल मेणचट असते आणि तिच्यावरची रंध्रे थोडी. देठ तुटल्यावरही ते आतल्या साठ्यावर दिवसेंदिवस श्वास घेत राहते. पाच किंवा सात दिवसांच्या गणपतीला असेच सामान हवे. शेरवड हे रानझुडूप फुलासाठी बांधतात, म्हणून ते अपवाद वाटते, पण तोही खरा अपवाद नाही. त्याची पांढरी "पाकळी" म्हणजे मोठे झालेले, पानासारखे निदल, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाचा भाग. खरे फूल त्याच्या शेजारचा इवलासा केशरी तारा. तो आधी गळतो, पांढरे पान मागे राहते.

केळ्यांच्या बाबतीत आमच्या घरी एकदा फजिती झाली. मोठा, भरलेला घड मध्यभागी टांगला. तिसऱ्या दिवशी पिवळा, आणि पाचव्या दिवशी आरती चालू असताना दोन केळी सुटून थेट समईशेजारी पडली. सगळ्यांनी प्रसाद मानला. खरे कारण इथिलिन. केळे तोडल्यावरही पिकते आणि पिकताना हा वायू सोडतो. त्या वायूने शेजारचे केळे पिकते, तेही वायू सोडते, आणि एकदा सुरू झाले की घड थांबत नाही. देठाजवळच्या पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन विरघळले की केळे आपल्याच वजनाने सुटते. इथिलिनने बऱ्याच फुलांच्या पाकळ्याही लवकर गळतात. तोरिंगाचे तसे नाही. लिंबाच्या कुळातली फळे तोडल्यावर आणखी पिकत नाहीत, म्हणून ते शेवटपर्यंत जसेच्या तसे लटकते. तेव्हापासून आम्ही कोवळा घड घेतो आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात बांधतो.

बांधायला प्लास्टिकची सुतळी वापरू नये, हे मी जरा हट्टाने सांगते. केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेच्या झुडपाची, साल सोलून पाण्यात भिजवली की दोरीसारखी वळते. सालीतले लांब तंतू ताणाला भक्कम असतात, नारळ सहज पेलतात, आणि सुकल्यावर गाठ जागच्या जागी ताठ होते. वाघनखीची म्हणजे कळलावीची फुले मात्र उंच बांधावीत, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी. त्या झाडात कोल्चिसिन असते. ते पेशींचे विभाजन रोखते आणि पोटात गेले तर जिवावर बेतू शकते.

2025 च्या चवथीला माट्टीची फळे छान मिळाली. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. फळाला पाच पंख असतात, वाळले की वाऱ्यावर जायला. चवथीला ती कोवळी, हिरवी असतात, पण पंख मोजता येतात.

विसर्जनानंतर चौकट माळ्यावर गेली, आणि कांगणीचा, म्हणजे मालकांगोणीचा, एक झुबका सोडवायचा राहिला. दसऱ्याला वर चढले तेव्हा तो दिसला. पिवळट झालेली फळे सुकून तीन फाकांत उकलली होती, आत शेंदरी वेष्टनातल्या बिया. अगदी हिरवी तोडलेली मात्र सुरकुतून मिटलेलीच होती.